दुपारचा वर्ग : 'यूस्ट टू' आणि आमची गोळी

मागच्या खेपेला आपण 'हॅव टू' संपवले. आज 'यूस्ट टू' घ्यायचे आहे. खरे सांगायचे तर हा पाठ मी बरेच दिवस पुढे ढकलत होते. कारण तो शिकवायचा म्हणजे आधी माझीच एक चूक सांगणे आले, आणि ती सांगताना अजूनही जीभ अडखळते. पण शिकवणाऱ्या बाईने नेहमी दुसऱ्यांच्याच चुकांवर लाल रेघ ओढायची, हे काही बरे नव्हे. म्हणून आधी माझी चूक ऐका, मग नियम.

गेल्या मे महिन्यात मुलांना सुट्टी लागल्यावर मी, मुले आणि सासूबाई असे आम्ही बंगळुरूला वन्संकडे गेलो होतो. हे कामामुळे सांगलीलाच राहिले. चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी सासूबाईंना सर्दी झाली, रात्री खोकला वाढला. वन्सं सकाळीच ऑफिसला गेलेल्या, तेव्हा मीच त्यांना घेऊन जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई वयस्क, बोलायला शांत. त्यांना कानडी आणि इंग्रजी येत होते, मराठीचा गंध नव्हता. माझे कानडी म्हणजे 'बेकू' आणि 'बेडा' एवढेच! तेव्हा इंग्रजीच बोलायचे होते. मी मनात म्हटले, त्यात काय मोठेसे? बी. ए. झाले आहे, अर्धा दिवस शाळेत शिकवते, घरी तुमच्यासारख्या मैत्रिणींचा वर्ग घेते.

डॉक्टरांनी सासूबाईंचे ब्लड प्रेशर पाहिले. थोडे जास्त निघाले. त्यांनी मला विचारले, "एनी मेडिसिन फॉर ब्लड प्रेशर?"

मला सांगायचे होते, 'त्या रोज सकाळी एक गोळी घेत असतात.' मी ठसक्यात म्हणाले, "शी यूस्ट टू टेक वन टॅब्लेट एव्हरी मॉर्निंग, डॉक्टर."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्या म्हणाल्या, "शी मस्ट नॉट स्टॉप."

मी घाईघाईने म्हणाले, "नो, नो, डॉक्टर, नेव्हर!"

मला म्हणायचे होते, छे छे, कधीच बंद केलेली नाही. त्यांनी ऐकले ते असे की, आता पुन्हा कधी बंद करणार नाही. झाले! दोघींनी समाधानाने माना हलवल्या. त्यांनी खोकल्याचे औषध दिले आणि प्रेशरचीही एक गोळी लिहून दिली. मी समजले, प्रेशर वाढले आहे म्हणून ही जास्तीची गोळी. घरी येऊन मी जुनीही गोळी सुरू ठेवली आणि नवीही.

तिसऱ्या दिवशी सासूबाई देवपूजा आटोपून उठल्या आणि त्यांना भोवळ आली. नशीब की ओटा हाताशी होता. त्याला धरून त्या हळूच खाली बसल्या. पडल्या असत्या तर त्या वयात काय झाले असते, हा विचार आजही मनात येऊ देत नाही. तातडीने पुन्हा दवाखाना. प्रेशर फारच खाली गेले होते. डॉक्टर म्हणाल्या, जुनी गोळी दाखवा. आणि इथे माझी दुसरी चूक उघडी पडली. प्रवासात सुटसुटीत म्हणून मी सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरल्या होत्या! पांढरी गोल गोळी, नाव ना गाव. शेवटी सांगलीला ह्यांना फोन लावला. त्यांनी घरच्या कपाटातले उरलेले पाकीट शोधून त्यावरची बारीक अक्षरे वाचून दाखवली. दोन कंपन्यांची दोन नावे, पण आतले औषध एकच निघाले. तीन दिवस सासूबाई दुप्पट गोळी घेत होत्या.

डॉक्टर रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बट यू टोल्ड मी शी यूस्ट टू टेक इट."

मला त्या क्षणी कळले, आणि कानशिले तापली. 'यूस्ट टू टेक' म्हणजे 'पूर्वी घेत असत, आता घेत नाहीत.' मी शिकवणारी बाई, मीच आपल्या तोंडाने सांगितले होते की गोळी बंद आहे.

एक गोळी बंद केल्यावर दोन दिवसांत सासूबाईंना बरे वाटले. पण त्या दिवशी रिक्षातून परत येताना त्यांनी विचारले, "काय गं, काय म्हणाली ती बाई?" मी सगळे सांगितले. काही लपवले नाही. सासूबाई जुनी अकरावी झालेल्या. क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तू 'घेत असत' म्हणालीस. म्हणायचं होतं 'घेत असतात'. अगं, 'घेत असत' म्हटलं की माणसानं ते सोडलं तरी, नाहीतर माणूस गेलं तरी!"

आजचा नियम एवढाच आहे, मैत्रिणींनो. मला तो पुस्तकातून जसा कळला नव्हता तसा त्या रिक्षात कळला.

पहिला अर्थ : पूर्वी होते, आता नाही

शाळेतल्या मराठी व्याकरणात आपण रीतिकाळ शिकलो होतो, आठवतो ना? 'मी लिहीत असते' हा रीतिवर्तमानकाळ आणि 'मी लिहीत असे' हा रीतिभूतकाळ. बोलताना आपण 'लिहीत असे' म्हणत नाही, 'लिहायची' किंवा 'लिहायचे' म्हणतो. 'यूस्ट टू' हा इंग्रजीतला रीतिभूतकाळ समजा. त्याच्या पुढे मूळ क्रियापद येते, त्याला काही शेपूट लावायचे नाही.

'आय यूस्ट टू प्ले खो-खो.' मी खो-खो खेळायचे.

'वी यूस्ट टू लिव्ह इन मिरज.' आम्ही मिरजेला राहत असू.

'मुंबई यूस्ट टू बी कॉल्ड बॉम्बे.' मुंबईला इंग्रजीत बॉम्बे म्हणत असत. १९९५ साली ते नाव बदलले.

तिन्ही वाक्यांत एक गोष्ट न बोलता सांगितली आहे, ती म्हणजे आता तसे नाही. खो-खो सुटला, मिरज सुटली, बॉम्बे हे नाव गेले. हे 'आता नाही' इंग्रज माणूस आपोआप ऐकतो. डॉक्टरांनी तेच ऐकले.

आता आपली चूक कुठे होते? मराठीत जोडी पूर्ण आहे : 'घेत असे' आणि 'घेत असते'. इंग्रजीत भूतकाळासाठी 'यूस्ट टू' आहे, म्हणून आपण वर्तमानासाठी त्याचा जोडीदार शोधू लागतो. तो सापडत नाही, मग 'आय यूज टू गेट अप ॲट फाइव्ह' असे काहीतरी बनवतो, किंवा सरळ 'यूस्ट टू'च दोन्हीकडे चालवतो. एका साडीचे दोन प्रसंग! गंमत म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा जोडीदार होता. 'मी अमुक करत असते' असे सांगायला तेव्हाचे लोक 'यूज टू' वर्तमानकाळातही वापरत. पुढे तो मागे पडला आणि भूतकाळाचा तेवढा उरला.

मग 'मी रोज पाचला उठत असते' कसे म्हणायचे? अगदी साधे : 'आय गेट अप ॲट फाइव्ह एव्हरी डे.' साध्या वर्तमानकाळातच रीत आली. फारच ठासून सांगायचे असेल तर 'युज्वली' घाला : 'आय युज्वली गेट अप ॲट फाइव्ह.' मी त्या दिवशी म्हणायला हवे होते, 'शी टेक्स वन टॅब्लेट एव्हरी मॉर्निंग.' एवढे सोपे वाक्य! पाचवीतल्या माझ्या विद्यार्थिनी ते बिनचूक म्हणतात. मला मात्र जरा भारदस्त इंग्रजी बोलायचे होते ना!

एक खबरदारी : किती वेळा, किती वर्षे

'यूस्ट टू' म्हणजे रीत, मोजमाप नव्हे. 'मी मिरजेला चार वर्षे राहिले' यात चार वर्षे मोजली आहेत, तेव्हा साधा भूतकाळ घ्या : 'आय लिव्ह्ड इन मिरज फॉर फोर इयर्स.' तसेच 'मी काशीला तीनदा गेले' : 'आय वेंट टू काशी थ्री टाइम्स.' इथे 'यूस्ट टू' घालू नका.

प्रश्न विचारताना आणि नकार देताना 'डिड' येते आणि 'यूस्ट'मधला शेवटचा 'डी' निघून जातो. 'डिड यू यूस टू सिंग?' तू पूर्वी गायचीस का? 'आय डिड नॉट यूस टू ड्रिंक टी.' मी पूर्वी चहा पीत नसे. कानाला फरक जवळजवळ कळत नाही, पण लिहिताना मार्क जातात. मुलांचा अभ्यास घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवा.

दुसरा अर्थ : सवय आहे

आता ह्याच शब्दांच्या आधी 'ॲम', 'इज', 'आर' आले की अर्थ पार बदलतो. 'आय ॲम यूस्ट टू इट.' मला त्याची सवय आहे. इथे 'टू'च्या पुढे नाम येते, नाहीतर 'इंग'वाले रूप.

'आय ॲम यूस्ट टू स्पायसी फूड.' मला तिखटाची सवय आहे.

'आय ॲम यूस्ट टू गेटिंग अप अर्ली.' मला लवकर उठण्याची सवय आहे.

मराठीकडे पाहिले तर हे सहज लक्षात राहते. आपण 'उठण्याची सवय' म्हणतो, 'उठ सवय' म्हणत नाही. 'उठण्याची'तले 'ण्याची' म्हणजे इंग्रजीतले 'इंग' समजा.

'आय यूस्ट टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी लवकर उठायचे, आता सूर्य वर आल्यावर उठते! आणि 'आय ॲम यूस्ट टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे लवकर उठण्याचे मला काही वाटत नाही. नवीन नोकरीसाठी मुलाखतीला जाल तेव्हा ह्या दोन वाक्यांची अदलाबदल करू नका. सकाळच्या शाळेत शिकवण्याची जागा असेल तर पहिल्या वाक्याने ती हातची जाईल.

तिसरा अर्थ : वापरतात

इथे आमच्या गुरुवारच्या वर्गात घडलेली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इंग्रजीत 'यूझ' म्हणजे वापरणे. त्याचे 'यूझ्ड' लिहिताना अगदी तसेच लिहितात : यू, एस, ई, डी. पण उच्चारात फरक आहे. सवय किंवा पूर्वीची रीत असेल तर 'यूस्ट', मध्ये 'स'. वापरण्याबद्दल असेल तर 'यूझ्ड', मध्ये 'झ'. 'धिस नाइफ इज यूझ्ड टू कट व्हेजिटेबल्स.' ही सुरी भाजी चिरायला वापरतात. इथे 'टू'च्या पुढे साधे क्रियापद आले, 'इंग' नाही.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला लिहायचे होते, 'मला भाजी चिरायची सवय आहे.' ती 'इंग' विसरली. तिने लिहिले, 'आय ॲम यूझ्ड टू कट व्हेजिटेबल्स,' आणि मोठ्याने वाचलेही 'झ'नेच.

मी म्हटले, "वहिनी, ह्याचा अर्थ कळला का? 'मला भाजी चिरायला वापरतात' असा झाला."

सगळ्या हसल्या. ती वहीकडे पाहत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मग चुकलं कुठं, बाई?"

पुन्हा हशा झाला, पण ह्या वेळी जरा निराळा. ज्या हसत होत्या त्यातल्या दोघी मध्येच थांबल्या. मी काय बोलणार? खडू हातात घेऊन म्हटले, "व्याकरणात चुकलं नाही, खरंच. पण तुम्हाला जे म्हणायचं होतं ते हे नव्हतं ना?" ती म्हणाली, "म्हणायचं ते नव्हतं. निघालं ते खरं." मी ते वाक्य फळ्यावरून पुसले नाही. त्याच्या शेजारी दुसरे लिहिले : 'आय ॲम यूस्ट टू कटिंग व्हेजिटेबल्स.' दोन्ही वाक्ये तासभर शेजारी शेजारी राहिली. पाहा, एका 'इंग'ने माणसाची सुरी होते आणि सुरीचा माणूस होतो.

चौथा अर्थ : सवय होणे

'ॲम'च्या जागी 'गेट' घातले की सवय होणे, अंगवळणी पडणे. 'यू विल गेट यूस्ट टू इट.' होईल हळूहळू सवय. हे वाक्य आपण मराठीत किती वेळा ऐकले असेल! लग्नानंतर पहिल्या महिन्यात मला ते माझ्या आईने सांगितले, सासूबाईंनी सांगितले आणि दुधवाल्याने सुद्धा. (त्याचे म्हणणे दूध पहाटे साडेपाचला घेण्याबद्दल होते.) 'आय गॉट यूस्ट टू द नॉइज.' आवाजाची सवय झाली. 'माय सन इज गेटिंग यूस्ट टू हॉस्टेल फूड.' मुलाला वसतिगृहाच्या जेवणाची सवय होते आहे. ज्यांची मुले शिकायला बाहेरगावी आहेत त्यांनी हे वाक्य पाठ करावे, देवापुढे म्हणायला उपयोगी पडेल.

पण एक सांगते. गेल्या शनिवारी वर्गात एकीने लिहिले, 'माय नी पेन्स. आय ॲम यूस्ट टू इट.' माझा गुडघा दुखतो, मला त्याची सवय आहे. व्याकरण शंभर टक्के बरोबर. मी पूर्ण गुण दिले आणि वही परत देताना म्हटले, "काकू, किती दिवस दुखतोय?" दोन वर्षे! आपण बायका ह्या वाक्याच्या फार लवकर आहारी जातो. सवय झाली म्हणून दुखणे गेले असे नाही. काकू सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. त्यांना आता व्यायाम दिले आहेत.

वर्गातली वाक्ये

अर्थ समजले की सराव हवा. मी सर्वांना पहिल्या अर्थाची, म्हणजे 'पूर्वी होते, आता नाही' अशी दोन दोन वाक्ये लिहायला सांगितली. मला वाटले होते, 'आय यूस्ट टू ईट चॉकलेट' अशी येतील. पण बायकांनी काय काय लिहिले पाहा.

'वी यूस्ट टू लिव्ह ऑन द ग्राउंड फ्लोअर.' आम्ही तळमजल्यावर राहत असू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला, त्यात हिचे घर पाण्याखाली गेले. पुढे त्यांनी वरच्या मजल्यावर जागा घेतली. ह्या एका साध्या वाक्यात सगळा पूर आला.

'आय यूस्ट टू बाय अ स्वीट फॉर ट्वेंटीफाइव्ह पैसे.' मी चार आण्यांना गोळी घ्यायचे. चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, तेव्हा हे वाक्य मुलांना समजावून सांगावे लागते.

'माय फादर यूस्ट टू सेंड टेलिग्राम्स.' हिचे वडील पोस्टात होते. आपल्याकडची तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ती म्हणाली, "दारात तार आली की शेजारणी आधी रडायला लागायच्या, मग वाचायच्या!"

'आय यूस्ट टू सिंग.' हे लिहिणारी मैत्रीण चाळिशीची. तिला मी विचारले, "'यूस्ट टू' का? आता का नाही?" तिने खांदे उडवले. पण पुढच्या तासाला तिने न सांगता आणखी एक वाक्य लिहून आणले : 'आय यूस्ट टू सिंग. नाऊ आय सिंग ऑन फ्रायडेज.' शुक्रवारच्या भजनी मंडळात जायला लागली आहे. पाहा, साधा वर्तमानकाळ किती सुंदर दिसतो!

आणि आमच्या समोरच्या काकू. काकांना जाऊन अजून वर्ष झालेले नाही. त्यांनी एकच वाक्य लिहिले : 'ही यूस्ट टू मेक द मॉर्निंग टी.' सकाळचा चहा ते करायचे. वर्गात कोणी बोलले नाही. मला सासूबाईंचे रिक्षातले वाक्य आठवले. मी बरोबरची खूण केली आणि वही मिटून त्यांच्या हातात दिली. सहा महिन्यांपूर्वी ह्या काकू 'मला ह्या वयात कशाला इंग्रजी' म्हणून दारातूनच परत जात होत्या.

डॉक्टरांकडे जाताना

आता माझ्या चुकीतून तुम्हाला काही उपयोग व्हावा म्हणून चार गोष्टी सांगते. घरात वडीलधारी माणसे असतील तर ह्या जरूर करा.

एक, प्रवासात गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. सुटसुटीतपणा होतो, पण नाव हरवते. पाकीटच कापून घ्यायचे असेल तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग तेवढा कापू नका.

दोन, वहीच्या पानावर किंवा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर रोजच्या औषधांची यादी करा. गोळीचे नाव, त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले आतल्या औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायची. कंपनीचे नाव वेगळे असले तरी आतले औषध एकच असू शकते. ही यादी पर्समध्ये ठेवा आणि औषध बदलले की तीही बदला.

तीन, नवे औषध मिळाले की एक प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका : हे जुन्याच्या ऐवजी, की जुन्याबरोबर? परगावी इंग्रजीत विचारायची वेळ आली तर, 'इज धिस इन प्लेस ऑफ द ओल्ड टॅब्लेट, ऑर अलाँग विथ इट?' हे वाक्य पाठ करून ठेवा. मी हे विचारले असते तर व्याकरण चुकूनही काही बिघडले नसते.

चार, गोळी चालू असेल तर म्हणा, 'शी टेक्स इट एव्हरी डे,' किंवा 'शी इज स्टिल टेकिंग इट.' खरोखरच बंद केली असेल तर म्हणा, 'शी यूस्ट टू टेक इट, बट शी स्टॉप्ड इन मार्च.' आणि गोळी आपल्या मनाने कधीच बंद करू नका, हे तर डॉक्टर सांगतीलच.

घरचा अभ्यास

खालची आठ वाक्ये इंग्रजीत करा. उत्तरे शेवटी दिली आहेत, पण आधी ती हाताने झाकून ठेवा. प्रामाणिकपणा तुमच्यावर सोपवते!

१. लहानपणी मी झाडावर चढायची.
२. मी रोज सकाळी पूजा करते.
३. आमच्या घरासमोर पूर्वी चिंचेचे झाड असे.
४. मला एकटीने प्रवास करण्याची सवय आहे.
५. ही किसणी खोबरे किसायला वापरतात.
६. मी पूर्वी चहा पीत नसे.
७. तुला हळूहळू सवय होईल.
८. मी मिरजेला चार वर्षे राहिले.

उत्तरे : १. 'आय यूस्ट टू क्लाइम ट्रीज व्हेन आय वॉज अ चाइल्ड.' २. 'आय डू पूजा एव्हरी मॉर्निंग.' ३. 'देअर यूस्ट टू बी अ टॅमरिंड ट्री इन फ्रंट ऑफ अवर हाउस.' ४. 'आय ॲम यूस्ट टू ट्रॅव्हलिंग अलोन.' ५. 'धिस ग्रेटर इज यूझ्ड टू ग्रेट कोकोनट.' ६. 'आय डिड नॉट यूस टू ड्रिंक टी.' ७. 'यू विल स्लोली गेट यूस्ट टू इट.' ८. 'आय लिव्ह्ड इन मिरज फॉर फोर इयर्स.'

आठापैकी सहा बरोबर आली तरी स्वतःची पाठ थोपटा. दुसरे वाक्य मात्र चुकले असेल तर माझी गोष्ट पुन्हा एकदा वाचा.

हा पाठ पाठवण्याआधी मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांची परवानगी नको का? त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "ठीक आहे. फक्त एक लिही की मी पडले नव्हते, माझी मी बसले होते." तेव्हा मैत्रिणींनो, त्या पडल्या नव्हत्या, त्यांच्या त्या बसल्या होत्या. आणि त्यांची गोळी? 'शी टेक्स इट एव्हरी मॉर्निंग.' पाकिटातून.

पुढच्या आठवड्यात 'लुक आफ्टर' घेऊ. तोवर प्रत्येकीने 'आय यूस्ट टू...' असे आपले एक वाक्य लिहा. लिहून झाले की ते पुन्हा एकदा वाचा आणि स्वतःला विचारा, ह्यातले काही साध्या वर्तमानकाळात आणता येईल का?